तळ्यामागची चंद्रकळा

कुणी तिच्या लुगड्याची तारीफ केली, की ती पदराचं टोक दोन बोटांत धरून बघायची, जणू आपण काय नेसलोय हे तिला आत्ताच कळलं, आणि म्हणायची, "हे होय? घरचंच आहे. जुनं."

ते घर म्हणजे माझं दुकान. मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागे, गल्लीत शिरल्यावर डाव्या हाताला. आणि जुनं म्हणजे आदल्या आठवड्यात कांचीपुरमहून आलेलं. त्या काळात मी हे भेटेल त्याला सांगत असे आणि कुणी विश्वास ठेवत नसे. तुम्ही तरी ठेवा.

तुमच्यापैकी जे तेव्हा मद्रासला होते त्यांनी तिला पाहिलं असणार. मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषातल्या, गाण्यांना पहिल्या रांगेत, घोड्यांच्या शर्यतीला कुठल्याशा महाराजांच्या शेजारी, नाही तर गव्हर्नरांच्या बागेत काळ्या लुगड्यात उभी. तिचं नाव मी लिहिणार नाही. नाव न घेण्याची रीत तिनेच मला शिकवली.

मी मूळचा कुंभकोणमचा, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला. चौदाव्या वर्षी खांद्यावर गठ्ठा घेऊन लुगडी विकायला दारोदार फिरायला लागलो आणि तिशीला मद्रासमध्ये स्वतःचं दुकान उघडलं. भाव करताना माझ्यावर ताण करील असं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. मग एका संक्रांतीच्या आदल्या दिवशी एकोणीस वर्षांची एक मुलगी पाटीवरचं माझं आडनाव वाचून आत आली. उन्हाने आणि रागाने लाल झालेली.

"अण्णा, तुम्ही आपल्यातलेच ना?"

"होय की."

"मग काळी चंद्रकळा दाखवा. आणि कितवा महिना म्हणून विचारलंत, तर गजाची ही पट्टी तुमच्या डोक्यात घालीन."

मला हसू आवरेना. आमच्या मराठी घरांत नवी नवरी पहिल्या संक्रांतीला काळं नेसते. तामिळ घरांत सणासुदीला काळं वर्ज्य. काळं रेशीम बाई नेसते ते पहिलटकरीण असताना, बांगड्या भरायच्या डोहाळजेवणाला. बिचारीला सकाळपासून चार दुकानांत चार म्हाताऱ्यांनी महिना विचारला होता, आणि एकाने तर आंबट लिंबाचं लोणचं कुठे चांगलं मिळतं तेही सांगितलं होतं.

मी पंचेचाळीस रुपये सांगितले. ती तीस म्हणाली.

"बाई, उभ्या मद्रासमध्ये हे दुसरीकडे मिळायचं नाही."

"आणि तुम्हांला दुसरं गिऱ्हाईक कुठून मिळणार? एक तर मराठी नवरी पाहिजे, नाही तर पोटुशी. बसा वाट बघत."

एकतीसला घेऊन गेली. वर पोलक्याचं कापड फुकट. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिचे वडील तंजावरजवळच्या एका खेड्यात पोस्टमास्तर. नवरा नुंगंबाक्कमच्या एका वकिलाकडे कारकून. माणूस इतका शांत, की मी दोनदा भांडण काढून पाहिलं, मलाच कंटाळा आला. दिसायला ती कशी होती, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या धंद्यात बायकांचे चेहरे बघायचे नसतात, खांदे बघायचे असतात. एवढंच सांगतो, दुकानात उलगडताना मला साधं वाटलेलं कापड तिच्या खांद्यावर गेलं, की मला वाटायचं, अरे, आपण भाव कमी सांगितला.

तिच्या नवऱ्याचे वकील ज्यांचं काम बघत, त्या एका मोठ्या जमीनदारीच्या राणीअम्मा. जमीनदारी सरकारने काढून घेतली होती. बंगला, तीन मोटारी आणि राणीपण शिल्लक होतं. नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्यांचा कोलू, म्हणजे पायऱ्यांवरची आरास, मांडत आणि वकिलांच्या कारकुनांच्या बायकांनाही हळदीकुंकवाचं बोलावणं जाई. आमच्या बाईंकडे रेशमी लुगडी दोन. त्यातला लग्नातला शालू सासूने नणंदेच्या लग्नासाठी सासरी कुंभकोणमला ठेवून घेतलेला. राहिली चंद्रकळा; तीच नेसून ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असताना ती पायरीवरूनच ओरडली, "अण्णा, तुमच्या लुगड्याने मला गरोदर केलं!"

आमच्या मराठीतली एवढी एक ओळ सगळ्या दुकानाला कशी समजली, कोण जाणे. दोन बायका माल टाकून उठल्या. मी तिला आत बसवलं आणि सगळं ऐकलं. हिरव्या-लाल-पिवळ्या चाळीस बायकांत ही एकटी काळ्यात, तेही नवरात्रात. सगळ्या दाराशी थबकून तिच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात राणीअम्मा स्वतः उठल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "या दिवसांत उभं राहू नये गं. कितवा महिना?" आणि आपल्या शेजारी गादीवर बसवून तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी मान खाली घातली."

"म्हणजे खोटं बोललात."

"मान खाली घालणं म्हणजे बोलणं होतं का, अण्णा? आता पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. काय करू?"

"खरं सांगून टाका," मी म्हणालो. फुकटचा सल्ला देणं मला कधीच जड गेलं नाही.

पुढे काय झालं ते तिने मला सांगितलं नाही. पोट काही दिसलं नाही. मात्र सहा महिन्यांत ती राणीअम्मांच्या मोटारीत दिसायला लागली आणि वर्षभरात एका साप्ताहिकात तिचा फोटो आला: दोन महाराजे, एक विलायती पाहुणा आणि मधोमध माझी चंद्रकळा. "त्या महिन्यांचं काय केलंत?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्हांला कशाला चौकशा? तो निळा काठ दाखवा."

तंजावरची, मराठी बोलणारी, आणि अंगावरचं सगळं घरचं, जुनं. लोकांनी आपसूक ठरवलं, की ही तिथल्या मराठी राजघराण्यातली. तसं तिने कधीच म्हटलं नाही. ती दुसऱ्यांना चूक करू द्यायची आणि मधे पडायची नाही.

तिला ते ठीक होतं. पण माझा विचार करा. नुंगंबाक्कमच्या बंगल्यांतल्या बायका काळ्या लुगड्यासाठी वेड्या झाल्या. माझ्याही दुकानात आल्या. मी तिच्याच लुगड्याच्या मागावरचं दुसरं लुगडं समोर टाकलं. "छे," त्या म्हणाल्या, "हे नवं आहे. आम्हांला तसलं राजवाड्यातलं पाहिजे." शेवटी मी तीन चंद्रकळा कॉफीच्या पाण्यातून काढून, महिनाभर तांदळाच्या पिंपात पुरून जुन्या केल्या. एका बाईंनी वास घेतला आणि विचारलं, "या राजवाड्यात इडल्या फार होत होत्या का?"

माझं म्हणणं एवढंच होतं. एकदा, फक्त एकदा, तिने त्या बंगल्यात माझ्या दुकानाचं नाव घ्यावं. मोठ्या घरांचा माल मोठ्या दुकानांतून जाई. तळ्यामागच्या माणसाला तिथे पायरी चढायला मिळत नसे. तिच्या एका वाक्याने ते झालं असतं. मी तसं तोंडावर सांगितलं.

"बघू," ती म्हणाली. हे तिचं दुसरं ठरलेलं वाक्य.

मग राणीअम्मांच्या नातीचं लग्न निघालं. पाच दुकानदारांना माल घेऊन बोलावलं, आणि काय आश्चर्य, त्यांत मलाही. व्हरांड्यात बाकीचे चौघे ताठ बसलेले, त्यांच्यासमोर मी गठ्ठा सोडला. राणीअम्मांच्या शेजारी ती. मला वाटलं, आता बोलेल.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कधी जन्मात पाहिलं नव्हतं. एक लुगडं उचललं, काठ चोळला आणि तामिळमध्ये म्हणाली, "माल बरा आहे. भाव जास्त आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मराठीत म्हणालो, "बाई, ओळख विसरलात काय?"

तिथे मराठी कुणालाच येत नव्हती. ती जरीबद्दल बोलावं तशी गोड हसून मराठीत म्हणाली, "अण्णा, आवाज खाली. नगामागे दोन रुपये उतरा आणि गप्प बसा."

"उतरणार नाही! एकतीस रुपयांची चंद्रकळा नेसून राणी झालात आणि मलाच..."

"अण्णा, उतरा म्हणते ना."

मी गठ्ठा बांधला. गाठ मारताना एका लुगड्याचा काठ फाटला. व्हरांडा उतरून आलो तो थेट घरी. लग्नाचा सगळा माल चायना बझारच्या एका मोठ्या दुकानाने दिला. त्यानंतर ती दोनदा दुकानाच्या पायरीपर्यंत आली. मी फळी लावून घेतली. दुपारच्या तीन वाजता, भर धंद्याच्या वेळी. आठ वर्षं आम्ही बोललो नाही. तिच्याबद्दल मी या आठ वर्षांत जे जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

मग एका सकाळी राणीअम्मांची मोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. मला बोलावणं. म्हातारी आता फार थकली होती. खुर्चीत बसूनच तामिळमध्ये म्हणाली, "आज संध्याकाळच्या दिल्लीच्या गाडीने ती चाललीये. तिचा नवरा एका महाराजांचा चिटणीस झाला. परत यायची नाही. तू निरोप द्यायला जा."

"मी कशाला जाऊ? तिने तुमच्यापुढे कधी माझी ओळख दिली नाही."

"त्या पुढच्याच शुक्रवारी दिली," राणीअम्मा म्हणाल्या. "रडत रडत सगळं सांगितलं. मूल नाही, लुगडं तळ्यामागच्या अण्णांचं, भाव कसा पाडला तेसुद्धा. मीच म्हटलं, आता कुणाला सांगू नकोस, या बायकांना शोधू दे जरा."

"म्हणजे तुम्हांला तोवर खरंच वाटलं होतं, की..."

"पाच बाळंतपणं झालीत माझी. पोट कळत नाही होय मला? पोर दारात एकटी उभी होती आणि चाळीसजणी तिला डोळ्यांनी सोलत होत्या. तिला बसवायला काहीतरी निमित्त हवं होतं."

मग त्यांनी हळूच पुढचं सांगितलं, "लग्नाचा माल तुझ्याकडूनच घ्यायचा, हे तिने माझ्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. चार दुकानदार बघत होते. थोडी घासाघीस दिसायला नको? तू जरा उतरला असतास तर सगळं लग्न तुझं होतं."

आठ वर्षं मी एक राग तुपात घोळवून जपला होता. तो म्हातारीने असा दोन मिनिटांत काढून घेतला, की हातांचं काय करावं ते मला कळेना.

संध्याकाळी सेंट्रल स्टेशनवर गेलो. पहिल्या वर्गाच्या डब्यापुढे हार, टोपल्या, पट्टेवाले, दोन-तीन राजेलोक आणि त्यांच्या बायका. मी दुकानातल्याच धोतरावर होतो. खांबाआड उभा राहून बघावं आणि जावं, असा विचार होता. पण तिची नजर कापडावरून फिरायची तशी गर्दीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"अण्णा!" ती मोठ्याने ओरडली.

गर्दी दुभंगली. मी पुढे गेलो. क्षमा मागायची होती, पण मला त्याची सवय नव्हती; तोंडातून निघालं, "प्रवासाला हे असलं जरीचं नेसतात का? चुरगळेल."

"चुरगळू दे," ती मराठीत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "किती वाट बघायला लावलीत, अण्णा. उतरा म्हटलं की उतरावं माणसाने."

शेजारचे महाराज माझ्याकडे निरखून बघत होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कोण? आता ती सांगणार, इतक्या लोकांत, माझं नाव, दुकान, गल्ली, डावा हात.

तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हे? हे आमचे तंजावरचे अण्णा."

तामिळमध्येही अण्णा म्हणजे थोरला भाऊ; महाराजांनी एकदम पायांतले जोडे जुळवले आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. मग त्यांच्या महाराणींनी केला. मग ओळीने सगळ्यांनीच. मी काय करणार? मी मान खाली घातली.

शिट्टी झाली, गाडी हलली. ती दारात उभी राहून दूरपर्यंत हात हलवत होती, आणि माझ्या गळ्यात कुणीतरी हार घातला होता. पुढे ती मद्रासला आली नाही. त्या फलाटावर राजेलोकांनी मला मोटारीपर्यंत पोचवायची तयारी केली. मोटार मागे येतेय असं सांगून मी बाहेर पडलो आणि हार घालूनच ट्रामच्या जुन्या रस्त्याने मैलापूरला चालत आलो. दुकानाचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.