समता ग्राफिक्समधली रॅमची वाटणी

संजना पगारे जळते. हे मी तिच्या तोंडावरही म्हटलं आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. तिच्यात गुण पुष्कळ आहेत आणि ते पुढं येतीलच, पण सुरुवात इथून केली नाही तर बाकीचं काही कळायचं नाही. जळते म्हणजे कुणावरही नाही हं. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीवर नाही, बहिणीच्या फ्लॅटवर नाही. फक्त पिंकीवर. पिंकी तिची धाकटी जाऊ.

आमच्या नाशिकच्या जेल रोडच्या कॉलनीत, पगाऱ्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत 'समता ग्राफिक्स' आहे. लग्नपत्रिका, जयंतीचे बॅनर, दशक्रियेची पत्रकं, कुणाचे अर्ज, कुणाचे बायोडाटा. मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वार्षिक अंक इथंच तयार होतो आणि त्याचं शुद्धलेखन माझ्या गळ्यात असतं, म्हणून माझी तिथं सारखी ये-जा.

हे दुकान उभं केलं संजनानं. लग्न होऊन आली तेव्हा कॉलेज अर्धवट सुटलेलं. नवरा राकेश शिफ्ट ड्यूटीवर. घरात बसून काय करायचं म्हणून नाशिकरोडला टायपिंगच्या क्लासला गेली आणि मराठी कीबोर्ड असा पाठ केला की कळांवरची अक्षरं पुसली गेली तरी तिचं अडलं नाही. जोडाक्षर चुकीचं पडलं तर ती गिऱ्हाइकाला थांबवून दुरुस्त करते. असं माणूस मला आवडतं.

मग दीर संघर्षचं लग्न झालं आणि पिंकी आली. सासूबाईंनी, म्हणजे सुलाबाईंनी, महिन्याभरात संजनाच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडलं आणि त्यावर दुसरा कॉम्प्युटर. पिंकी संजनाच्या कोपराशी बसून सगळं शिकली. शिकली ते शिकली, वर हसायलाही लागली. गिऱ्हाईक आलं की "या ना काका, बसा, पाणी देऊ?" संजनाला हे जमत नाही. ती "काय काम आहे?" असं विचारते, तेही स्क्रीनवरून नजर न काढता. परिणामी लग्नाचे अल्बम, रंगीत कामं, तरुण पोरापोरींची गर्दी पिंकीच्या टेबलाशी, आणि दशक्रियेची पत्रकं संजनाकडं.

"मेलेली माणसं माझ्या वाट्याला," संजना म्हणायची, "आणि नवरानवरी तिच्या."

आता सुलाबाईंबद्दल सांगायलाच हवं. त्या चांदवडकडच्या. माहेरी-सासरी मोठं खटलं, आणि ह्या सुनांत सगळ्यात धाकट्या. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते ह्यांचं. लुगडं उरलेलं, कालवण उरलेलं. तेव्हाच त्यांनी ठरवलं असणार. स्वतःला सुना आल्यावर त्यांनी घरात कायदाच केला. "बाई, माझ्या घरात उरलंसुरलं कुनाला मिळायचं नाय. एकीला एक, तर दुसरीला बी एक. शेम." दुकानाला 'समता' नावही त्यांनीच दिलं, आणि त्या ते नाव पाळतात. बुद्ध पौर्णिमेला दोघी सुनांना एकाच गठ्ठ्यातल्या दोन पांढऱ्या साड्या. काठही तोच. विहारात दोघी शेजारी उभ्या राहिल्या की बायका म्हणणार, "पिंकी, काय छान दिसते गं ही साडी तुला!" आणि शेजारी तीच साडी नेसून संजना उभी. कायदा करणारीनं ह्यावर काय करावं?

तर असं चाललेलं असताना येवल्याचे खंडेराव आले. पैठणी विणणारे. घरात माग, बाहेर छोटं दुकान. पूर्वी कधीतरी संजनानं त्यांचं कार्ड करून दिलं होतं, त्यातल्या 'पैठणी' शब्दाची वेलांटी त्यांना फार आवडली होती. ते एसटीनं आले, पिंकीच्या टेबलावरून सरळ पुढं गेले आणि म्हणाले, "संजनाताई, मला माझ्या साड्यांचं पुस्तक करायचंय. एकेक पदर पानभर दिसला पाहिजे. मोराच्या डोळ्यातला धागा दिसला पाहिजे. आणि ते तुम्हीच करायचं."

संजना त्या दिवशी हसली. मी साक्षीला आहे.

पण फोटो भलतेच मोठे. एक पदर उघडला की तिचा जुना कॉम्प्युटर घुम्यासारखा बसून राहायचा. दुसरा उघडला की संपलंच, स्क्रीन गोठलेला, बाण जागेवर. पिंकी आपल्या टेबलावरून गोड आवाजात, "ताई, माझ्या मशीनवर करा ना. तुम्ही सांगा, मी माऊस धरते."

"नको."

"अहो, मी काय खाणार आहे का तुमच्या पैठण्या?"

"नको म्हटलं ना!"

संजनाचं खरं होतं. पिंकीच्या हातात माऊस गेला म्हणजे खंडेराव पिंकीच्या खुर्चीशी बसणार, पिंकी पाणी देणार, आणि पुस्तक कुणी केलं हे पुढं कुणी विचारणार नाही. म्हणून संजनानं ठरवलं, रॅम वाढवायची. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती आठवण. हातात जेवढं धरता येतं तेवढीच. मोठा फोटो धरायला मोठा हात लागतो. तिनं सगळी चौकशी केली आणि राकेशला बजावलं, "एकाच कंपनीची, एकाच वेगाची, एकाच पॅकमधली जोडी आण. सुट्या दोन आणू नकोस."

राकेशनं कॅनडा कॉर्नरवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून बरोबर तेच आणलं. त्या वेळी संजना कागद आणायला पंचवटीत गेलेली. मी प्रूफ तपासत बसले होते, सुलाबाई दारात मेथी निवडत होत्या. राकेशला ड्यूटीची घाई. पाकीट आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "आई, हे संजनाला दे. जोडी आहे," आणि गेला.

जोडी! त्या घरात जोडी म्हटलं की एकच अर्थ. साड्यांची जोडी आली, एक हिची एक तिची. छत्र्यांची जोडी, चपलांचेसुद्धा दोन जोड. सुलाबाईंनी मेथीचे हात पुसले, पाकीट उघडलं. आत दोन हिरव्या पट्ट्या, अगदी सारख्या. त्यांचा चेहरा खुलला.

"पिंके, ही तुझी घे गं. एक संजनाला ठिवते."

पिंकीनं उचलली. संघर्ष त्या दिवशी घरीच होता आणि त्याच्या हाताला स्क्रू ड्रायव्हर लागला की तो धीर धरत नाही. त्यानं लगेच पिंकीच्या मशीनचं झाकण काढून पट्टी आत बसवलीसुद्धा. मला काय कळणार होतं? मी आपली ऱ्हस्व-दीर्घ बघत होते.

संजना आली. टेबलावर पाकीट. त्यात दोन खोबणी, एकीत पट्टी, दुसरी रिकामी. तिनं रिकाम्या खोबणीकडं पाहिलं, मग पिंकीच्या मशीनकडं.

"तुझी तुझ्या टेबलावर ठिवली बरं का," सुलाबाई म्हणाल्या. "पिंकीची पिंकीला दिली."

"बरं केलं, आत्या," संजना म्हणाली.

झालं! एवढंच. कागदाचा गठ्ठा खाली ठेवला, वाट्याची पट्टी आपल्या मशीनमध्ये जुनीशेजारी बसवली आणि काम करायला बसली. 'दोन्ही माझ्या आहेत' हे तीन शब्द तिला म्हणता येईनात. नंतर मी तिला झापलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, आयुष्यभर मी खोटं जळले, ते सगळ्यांना माहीत आहे. आज पहिल्यांदा माझं खरं होतं. पण बोलले असते तर सगळे काय म्हणाले असते? बघा, हिला पिंकीची एवढीशी पट्टीपण बघवेना."

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव येणार होते. सकाळी मी अंकाची पानं घेऊन गेले तर दुकानात सुतकी कळा. पिंकीच्या मशीनमधून टूं टूं आवाज आणि स्क्रीन काळाकुट्ट. जुन्या पट्टीशेजारी नवी बसवली होती, दोघींचं जमेना, मशीन सुरूच होईना. आत कुणाच्या तरी हळदीची पत्रिका अडकलेली. पिंकी रडकुंडीला.

आणि संजना? तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

"काय गं, तुझं चालतंय का?" मी विचारलं.

समाधान उतरलं. "सुरू होतं. मोर उघडला की बसतं."

"म्हणजे दोघींचं बिघडलं," सुलाबाई दारातून म्हणाल्या. "आता शेम टू शेम वाटलं, तरी बी कसं बिघडलं?"

मी पाकीट उचलून चष्म्याजवळ नेलं. ठळक अक्षरांत छापलेलं होतं, दोनचा संच. मी म्हटलं, "सुलाबाई, ह्यावर लिहिलंय, ही जोडी आहे."

"मंग? जोडीच तर वाटली मी!"

"आत्या!" संजना एकदम उठली. तिची खुर्ची मागं जाऊन भिंतीला आपटली. "बैलजोडी अशी वाटता का तुम्ही? एक बैल ह्या वावरात, एक त्या वावरात, आणि जोडीला दोन्हीकडं म्हातारा बैल?"

सुलाबाईंच्या हातातली लसणाची कुडी तशीच राहिली. चांदवडच्या बाईला ह्याच्यापुढं समजावून सांगावं लागत नाही. "नवा बैल मग म्हाताऱ्याच्या चालीनं चालतो," त्या हळूच म्हणाल्या. "न्हाय तर जू मोडतो."

"तेच झालंय!"

"मग दोन्ही एकीलाच द्याव्या लागतील?"

"हो."

"कुनाला?"

पिंकीचं मशीन टूं टूं करतंय. संजनाची मान लाल झाली होती. मी मनात म्हटलं, बोल बाई, आता नाही बोललीस तर खंडेरावांचे मोर गेले.

"मला," संजना म्हणाली. "दोन्ही मला. त्या माझ्यासाठीच मागवल्या होत्या. कुणाला जळकी म्हणायचं असेल तर म्हणा."

"म्हणतेच मी!" पिंकी फटकन उठली. "जळक्याच आहात तुम्ही. मी तर तुमच्याहून जास्त जळकी आहे. लोक दारातून आत येतात आणि काय विचारतात? संजनाताई आहेत का? नाहीत म्हटलं की, बरं मग तुम्ही करा. पाणी माझ्या हातचं पितात आणि वेलांटी तुमची मागतात. त्या येवल्याच्या काकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही! घ्या तुमची पट्टी."

संजनानं हे सगळं ऐकलं. दुसरी कुणी असती तर विरघळली असती, गळ्यात पडली असती. ही म्हणाली, "खरंच विचारतात का गं?"

"जाऊ द्या ना ताई आता!"

"नाही, सांग ना. कोण कोण विचारतं?"

मला हसू आवरेना. आपल्यावर कुणी जळतंय हे कळल्यावर माणसाला किती तरतरी येते ते मी त्या दिवशी पाहिलं. संजनानं हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, दोन्ही मशीनच्या पिना उपटल्या, पिंकीच्या मशीनचं झाकण उघडून नवी पट्टी अलगद सोडवली. पिंकीचं मशीन तिच्या जुन्या पट्टीवर बिनतक्रार सुरू झालं. मग आपल्या मशीनमधली जुनी आणि नवी दोन्ही काढल्या, ब्रशनं धूळ झाडली. चार खाचा होत्या. तिनं शेजारच्या दोन घेतल्या नाहीत, एक सोडून एक अशा एकाच रंगाच्या दोन घेतल्या, आणि दोन्ही पट्ट्या कट्ट आवाज येईपर्यंत दाबल्या.

"शेजारी शेजारी का नाय बसवल्या?" सुलाबाईंनी विचारलं.

"जोडी असली तरी मधी थोडी जागा लागते, आत्या," संजना म्हणाली, आणि पिंकीनं मुद्दाम ऐकू जाईल असं "हो ना" केलं.

मशीन सुरू झालं. मोर उघडला. मग दुसरा, मग असावलीची वेल, मग नारळी काठ. सगळे पदर एका वेळी स्क्रीनवर आणि बाण कुठंही अडेना. दुपारी खंडेराव आले, खुर्ची ओढून संजनाच्या शेजारी बसले, मोराच्या डोळ्यातला धागा बोटानं दाखवून खूश झाले. पिंकीनं पाणी आणलं. त्यांनी पेला घेतला, मान वर केली आणि म्हणाले, "अरे, पहिल्या पानावर पैठणी नेसलेलं कुणीतरी पाहिजे. ह्या ताई चालतील की! काय हसऱ्या आहेत."

संजनाचं बोट माऊसवर थांबलं. मला वाटलं, गेलं सगळं. पण ते खंडेरावांचं पुस्तक असलं तरी काम तिचं होतं, आणि कामात ती खोट ठेवत नाही. ओठ घट्ट मिटून म्हणाली, "चालेल. जांभळी नेसवा. हिला हिरवी शोभत नाही."

मग पुढचे काही दिवस जाता-येता मला तेच दिसायचं. संजनाच्या स्क्रीनभर पिंकीचा चेहरा, आणि संजना कपाळाला आठ्या घालून त्यातली एकेक बट नीट करते आहे. जळत होती आणि करत होती. असं देखणं पान तिनं तोवर कुणाचं केलं नव्हतं.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी सुलाबाईंनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं आणि भुवया आक्रसल्या. "ही एकटीच? संजना कुठंय?"

संजनानं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, मांडणी आणि अक्षर : संजना पगारे.

"आणि माझं नाव?" पिंकी म्हणाली.

"तुझं तोंड आहे ना पानभर! तोंड तुझं, नाव माझं. वाटणी झाली."

सुलाबाईंना ते पटलं. त्यांनी पुस्तक मिटून पदरानं पुसलं आणि आत ठेवायला घेऊन गेल्या. इकडं संजना दुसऱ्या प्रतीचं पहिलं पान हाताभर लांब धरून बघत होती. मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तोंड जास्त मोठं झालंय का हो?"

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून पिंकी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा, नाव एवढं ठळक करायची काही गरज होती का?"