टाचेखालचा टॉवेल

मालनबाई नांदेडकडची. नवऱ्यामागं हैदराबादेत आली, आणि नवरा गेल्यावरही शहर सोडून गेली नाही. कोठी भागातल्या मुलींच्या वसतिगृहात आया म्हणून रात्रपाळी करून तिनं निशिगंधाला वाढवलं. लेक कबड्डीत अशी चढाई करायची की मैदानाची माती तिच्या पायांना ओळखू लागली होती.

गेल्या वर्षी एका सामन्यात तिचा गुडघा पिळवटला. आतला बंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. रेल्वेत खेळाडूंची भरती हिवाळ्यात होती. तोवर पाय सरळ व्हायला हवा होता, एवढंच.

बरकतपुऱ्यातल्या फिजिओथेरपीच्या केतकी मॅडम व्यायाम करून घ्यायच्या. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, रबरी पट्टा ताणायचा. घरी मात्र दुपारी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पडायचं. मधे गुडघा अधांतरी राहतो, आणि आपल्याच भारानं हळूहळू सरळ होतो. फार दुखतं. निशिगंधा कण्हत पडायची, गोळीच्या गुंगीत तशीच झोपायची.

बाळंतीण असो की आजारी माणूस, गुडघ्याखाली मऊ काहीतरी सारायचं, हे मालनबाईच्या हातांना लहानपणापासून ठाऊक.

पावसाळा सरला तरी गुडघा वाकडाच. केतकी मॅडमनी कोन मोजला, पुन्हा मोजला.

"घरी करतेस ना गं?"

"रोज करते, मॅडम. आईला विचारा."

"करते की," मालनबाई कौतुकानं म्हणाली. "झोप लागली की मग मीच टॉवेल काढून गुडघ्याखाली सारते. लेकरू कण्हायचं थांबतं."

मॅडमनी मोजपट्टी खाली ठेवली. "मावशी, वाकलेला राहून त्यानंच तर आखडला गुडघा."

"आन् मी उठायच्या आत परत टाचेखाली ठेवत होतीस?" निशिगंधानं विचारलं.

"हौ. तू रागावशील म्हणून."

"मैदानात सातजणींना मला धरता आलं नाही, आई. घरात तू धरलंस."

पुढं बराच इलाज झाला. पाय पुष्कळ सुटला, पुरता नाही. रेल्वेची भरती तिच्याविना होऊन गेली.

निशिगंधा आता सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात उभी असते. सकाळी रात्रपाळी सुटली की मालनबाई तिला बसथांब्यावरून दुकानापर्यंत सोडायला जाते. गर्दीत ती मागं राहते, लंगडणाऱ्या पावलाकडं बघत.

"आई, पुढं चल ना."

मालनबाई पुढं होते. वळून बघत नाही; बघू नको, असं तिला कुणी सांगितलेलं नाही.