वरचं टोक तिरकं

वसईतल्या आमच्या घरामागे अंजिराचं एकच झाड होतं. वाडीत केळी, थोडा मोगरा, कुंपणाला शेवगा. अंजीर हा बाबांचा हट्ट. आमच्याकडच्या पावसात ते जगत नाही, असं सगळे सांगत. पाणी मुळांशी थांबू नये म्हणून बाबांनी गुडघाभर उंच मातीचा ढीग करून त्यावर ते वाढवलं होतं. फळं बेताची लागत, त्यातली निम्मी पाखरं खात.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत बुंध्याशी भुसा दिसू लागला. खोडकिडा. बाबांनी वरच्या निरोगी फांद्यांच्या अकरा काड्या छाटल्या, केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाने बांधल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवल्या. लावायच्या आधीच त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं.

"काड्या सुकतील, तू लाव," तिथे ते म्हणाले. "खालची बाजू कुठली ते सांगायला नको ना?"

"नको."

"हां. पुस्तकात असेलच."

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते. हे चिडवणं आमच्यात जुनं होतं. त्यांना बोलताना धाप लागत होती म्हणून मी पुढे विचारलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर विचारायची लाज वाटली. वाडीत वाढलेली मुलगी, आणि काडी कशी धरायची ते ठाऊक नाही. दोन दिवसांनी ते गेले.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी गोणपाट सोडलं. पुस्तकात होतं: खालचा काप तिरका, वरचा सरळ. प्रत्येक काडीचं एक टोक तिरकं होतंच. बाबांनी माझं काम सोपं करून ठेवलंय, असं वाटून मी तिथेच बसून रडले. मग अकरा पिशव्या भरल्या, तिरकी टोकं मातीत खोचली आणि रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी बेतानं पाणी घालत राहिले. मूळ झाड महिन्याभरात उभ्या उभ्या वाळलं. आता ते या अकरा काड्यांतच उरलं होतं.

बाबांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा झाली, त्यानंतर शेजारची काकी घरी आली. भातशेतीच्या गावातून लग्न होऊन इथे आलेली, बाबांबरोबर कलमं बांधण्यात तिची बरीच वर्षं गेली. चहाचा कप घेऊन ती मागे गेली आणि पिशव्यांपाशी वाकली.

"बाय, ही तर सगली डोक्यावर उभी केलीस!"

मला कळेना. तिने एक काडी उपसली. "हा बघ, पान गळल्याचा वण. कोंबाचा डोळा नेहमी वणाच्या वर. तुझा खाली गेलाय. तुझा बाप वरचं टोक तिरकं कापायचा, पावसाचं पानी वर साचू नये म्हणून."

मी पुस्तकातलं वाक्य तिला सांगितलं.

"पुस्तकवाल्याकडे पाऊस कमी असेल," काकी म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून सौम्यपणे, "जाऊ दे गो. नर्सरीत मिळतं रोप. फेक ही."

"नाही फेकणार."

मी कप तिच्या हातातून घेतला आणि चाकू घेऊन आले. आम्ही प्रत्येक काडी नखाने खरवडून पाहिली. आठ आतून काळ्या. तीन काड्यांना अजून हिरवी साल होती, पांढरा चीक होता. मातीतलं टोक कुजलेलं, हवेतलं वाळलेलं. दोन्ही छाटावी लागली. बाबांच्या हातचा एकही काप राहिला नाही. उरले मधले तुकडे, तीन-तीन डोळ्यांचे. नवे काप मीच घेतले. काकी फक्त बघत होती, आणि तिसऱ्या वेळी तिने "हां" म्हटलं.

दोन काड्या पंधरा दिवसांत वाळल्या. तिसरीची मुळं बघायला उपसण्याचा मोह मी रोज आवरला. मे महिन्यात वरच्या डोळ्यातून नखाएवढं पान आलं. पावसाळाभर ती पिशवी पडवीत ठेवली, पाऊस थांबल्यावर जुन्या ढिगाशेजारी नवा ढीग रचून त्यावर रोप लावलं. जुन्यातली माती घेतली नाही, किड्याची भीती.

एका झाडावर विसंबायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. वर्षभर ते वाढू दिलं. या थंडीत पहिल्यांदा छाटणी केली. पाच काड्या निघाल्या. तीन माझ्या. दोन सोपटात बांधून काकीच्या दारात गेले.

"तुझ्या वाडीत लाव," म्हटलं. "तिरकं टोक वर."

"मला सांगतेस?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"सांगते," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं.