तीन बोटांची मूठ

माझ्या कपाटात मिस्त्रींनी बनवलेली चार छोटी पिस्तुलं आहेत आणि त्यातलं एकही माझ्या हातात नीट बसत नाही. लोकांना हे विचित्र वाटतं. पण मिस्त्रींच्या कामाची खूण हीच आहे.

पिस्तुलं हवेची, छर्ऱ्याची, नेमबाजीच्या सरावाची. त्यांना परवाना लागत नाही. मिस्त्रींचं नाशकात बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातलं तयार पिस्तूल लांब आणि जड असतं. लहान चणीच्या माणसाचं मनगट त्याने लवकर थकतं. मिस्त्री ते आखूड करून द्यायचे आणि शिसवाची मूठ नव्याने कोरायचे. त्यासाठी गिऱ्हाइकाला कणकेचा गोळा आवळायला लावत. त्या ठशात प्लास्टर ओतून हात तयार करत आणि तो हात मुठीवर चपखल बसेपर्यंत लाकूड तासत. त्यामुळे प्रत्येक पिस्तूल एकाच माणसाचं.

कॉलेजची एअर रायफल दुरुस्तीला घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. मी कळवणकडच्या खेड्यातला, तालुक्याच्या शाळेत शिकलेला. घरात कॉलेजात पोचलेला पहिलाच, त्यामुळे शिकलेल्या गोष्टींवर माझा फार विश्वास. मिस्त्री चौथी शिकलेले. रायफलच्या लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरवून म्हणाले, "इथं कागदाएवढं जास्त आहे." मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला व्हर्नियर नेऊन मोजलं. कागदाएवढंच जास्त होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जात राहिलो. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि ते गेल्यावर त्यांची पिस्तुलं शोधायला लागलो.

पाचवं पिस्तूल मागच्या वर्षी मिळालं. खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथल्या पडून राहिलेल्या वस्तूंत ते होतं. नळी मिस्त्रींचीच, शंका नाही. मूठ मात्र बेढब. जिथे मधली दोन बोटं टेकायची तिथे लाकडाचा उंचवटा. मला वाटलं, मिस्त्रींच्या मागे कुणीतरी ती बिघडवली. मी नवा वॉशर घालून पिस्तूल चालू केलं, मग अर्धगोल कानस घेतली आणि दोन संध्याकाळी बसून तो उंचवटा घासला. वरून पॉलिश पेपर मारला. आपण मिस्त्रींची इज्जत राखली, असंच मला वाटत होतं.

मोठ्या कौतुकाने ते काकूंना, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नींना, दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला आणि घासलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. कुणीतरी मध्ये लाकूड ठेवलं होतं, ते काढलं."

"कुणीतरी नाही, यांनीच ठेवलं होतं. त्या माणसाला तिथं बोटंच नव्हती."

त्यांनी माळ्यावरून खोकं काढायला लावलं. त्यात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले प्लास्टरचे हात होते. एका हाताला अंगठा, पहिलं बोट आणि करंगळी. मध्ये नुसती दोन खुंटं. मनगटावर पेन्सिलीने लिहिलेलं: मालेगाव.

"लूममध्ये गेली बोटं," काकू म्हणाल्या. "आला तेव्हा हात खिशातून काढेना. हे म्हणाले, 'खिशातूनच नेम धरणार का?' तेव्हा कुठे हसला. मग वॉशर गेला म्हणून त्याने पिस्तूल त्या दुकानात दिलं. हे तेव्हा राहिले नव्हते. दुकानवाला आज देतो, उद्या देतो करत बसला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढा शिकलास, आधी विचारायचंस तरी."

मी तो प्लास्टरचा हात पिस्तुलावर टेकवला. बाकी सगळीकडे सुईही जाणार नाही असा बसला. मी घासलं होतं तिथे मात्र माझी करंगळी शिरेल एवढी फट. जगातल्या एकाच हातासाठी केलेली वस्तू होती ती, आणि मी ती त्या हाताच्या कामाची ठेवली नव्हती.

काकूंनी पत्ता दिला आणि रविवारी मी मालेगावला गेलो. गल्लीभर लूमचा खडखडाट. ज्यांचा तो हात, ते चाचा आता काम करत नाहीत, दारात खाटेवर बसले होते. मी पिशवीतून पिस्तूल काढलं. त्यांनी ते उचललं, माझ्याकडे पाहत असतानाच बोटं जागेवर गेली, आणि चेहरा बदलला.

"ये किसने घिसा?"

त्यांनी मुठीकडे पाहिलंही नव्हतं. मी खरं ते सांगितलं. आतून चाची म्हणाल्या, "इतने बरस उसी का रोना था. अब मिला तो चुप!"

चाचांनी अंगणातल्या भिंतीला फळी टेकवली, तिच्यावर कागद लावला आणि छर्रा सोडला. कागदाला लागलाच नाही. दुसराही नाही. हात मुठीवर सरकत होता, मला तो सरकताना दिसत होता.

"चाचा, नवी मूठ करून देतो," मी म्हणालो.

"नई नहीं. यही. घिसनेवाले तुम, भरनेवाले भी तुम."

मी पिस्तूल परत आणलं. काकूंकडून प्लास्टरचा हात आणि मिस्त्रींच्या दुकानातला शिसवाचा तुकडा घेतला. कपचीएवढं लाकूड बसवायचं होतं, त्याला मला चार महिने लागले. व्हर्नियर होता, काजळी लावून लाकूड कुठे टेकतं ते पाहिलं, तीन कपच्या फुकट गेल्या. मिस्त्री अशी अख्खी मूठ आठवड्यात करत, पोस्टमनशी गप्पा मारत. त्यांना काय येत होतं हे मला त्या चार महिन्यांत कळलं. इतकी वर्षं मी त्यांची पिस्तुलं नुसती पुसून ठेवत होतो. दोनदा मालेगावला जाऊन आलो. दोन्ही वेळा चाचांनी बोटं ठेवली, डोळे मिटले आणि पिस्तूल परत दिलं. "थोड़ा और."

तिसऱ्या वेळी त्यांनी ते परत दिलं नाही. उठले, कागद लावला. आखूड नळी त्या तीन बोटांत इतकी स्थिर होती की मी श्वास रोखून उभा राहिलो. पाच छर्रे सुटले. चार मधल्या काळ्या गोलात, एक पार कडेला.

"पाचवा तिकडे कसा गेला?" मी विचारलं.

"चार मिस्त्री के," चाचा म्हणाले. "वो तुम्हारा."

चाची आतून मोठ्याने हसल्या आणि मला चहाला बसायला सांगितलं. चाचांनी छर्ऱ्यांची डबी पुन्हा उघडली.