चार वाट्यांवरची खाट

ढेकणांच्या बाजूनं पाहिलं तर माझ्या रूममेटइतका निर्दय माणूस बंगळुरात दुसरा झाला नसेल. माणसांच्या बाजूनं पाहिलं तर इतका सज्जन मुलगाही आमच्या हॉस्टेलात दुसरा नव्हता. अडचण एवढीच होती, की कुणीही त्याच्या खाटेजवळ गेलं की त्याला माणूस आणि ढेकूण यांत फारसा फरक दिसत नसे. नव्वदच्या दशकात मी नागपूरहून इंजिनिअरिंगला आलो तेव्हा हेब्बाळच्या पुढं आमचं कॉलेज आणि भोवती शेतं, एवढंच होतं. हा मात्र इथलाच, राजाजीनगरचा. त्याचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले, असं तो सांगे. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिला आठवडा मी नुसती मान हलवत काढला. ढेकणाला तो तिगणे म्हणे आणि मला, मी त्याच्याहून लहान असूनही, अण्णा.

आमच्या खोलीत दोन खाटा. माझी भिंतीला टेकलेली, जशी जगात सगळ्यांची असते. त्याची खोलीच्या मधोमध, चारही भिंतींपासून सुटी, त्यामुळं दार अर्धंच उघडे आणि जाड मुलांना आत यायला तिरकं व्हावं लागे. खाटेचे चार पाय चार वाट्यांत. या वाट्या मेसमधल्या. फिल्टर कॉफीचा पेला ज्या पसरट वाटीत ठेवून देतात त्या. त्यांत पाणी आणि पाण्यावर रॉकेलचा तवंग. त्या वाट्या नाहीशा झाल्यापासून मेसमधला भट रांगेतल्या शेवटच्या चौघांच्या हातात नुसता पेला देई, आणि बोटं भाजली की ती मुलं आमच्या खोलीच्या दिशेनं बघत. चादर चारी बाजूंनी घट्ट खोचलेली असे, कारण तिचं टोक जमिनीला टेकलं तर आपणच तिगणेला जिना लावून दिल्यासारखं होतं. वर मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. खालून वाट बंद झाली की ढेकूण भिंत चढतात, छतावरून चालत येतात आणि नेम धरून खाली उडी टाकतात, असं त्याचं ठाम मत होतं. "भारी हुशार असतात, अण्णा," तो म्हणे, आणि त्याच्या आवाजात चक्क कौतुक असे. छतावरच्या पालीला मात्र हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. ती आपल्या बाजूची आहे, असं तो सांगे. लायब्ररीतून आणलेलं पुस्तक आधी गच्चीवर उन्हात पडे, मग भिंतीवर आपटलं जाई आणि मगच वाचलं जाई. काही पुस्तकं तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचली नाहीत, पण त्याला कारण ढेकूण नव्हते.

हॉस्टेलच्या खोलीत खुर्च्या कुणाकडं होत्या? येणारा माणूस खाटेवरच बसतो. त्यामुळं त्याच्याकडं येणारा माझ्या खाटेवर बसे, आणि माझ्या खाटेवर काय काय नांदत होतं याची सगळ्यांना कल्पना असल्यानं फार वेळ बसत नसे. एकदा नागपूरहून माझे काका आले. प्रवासानं अंग आंबलेलं, समोर नीटनेटकी खाट दिसली, ते टेकायला वाकले. हा बाण सुटावा तसा पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "काका, स्वल्प थांबा." मग त्यानं आंघोळीची बादली उपडी केली, तिच्यावर स्वतःचा धुतलेला टॉवेल घातला आणि काकांना तिच्यावर बसवलं. काकांना वाटलं, इकडची हीच रीत असेल. बंगळुरातले लोक पाहुण्याला किती मानानं बादलीवर बसवतात, हे ते पुढं कितीतरी वर्षं नागपुरात सांगत होते.

गावातला मुलगा हॉस्टेलात कशाला, असं मी एकदा विचारलं. तो वाट्यांत रॉकेल घालत होता. मान वर न करता म्हणाला, "घरी खोल्या दोनच की रे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जिकडं जागा असंल तिकडं चटई टाकायची. आज्जी उठली की आपणबी उठायचं." इथं येईपर्यंत तो कधी खाटेवर झोपलाच नव्हता. ही त्याची पहिली खाट. त्यानंतर मी त्या चार वाट्यांची चेष्टा जरा कमी केली.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात मुलं वाढली आणि खाटा कमी पडल्या. वॉर्डनसाहेबांनी जाहीर केलं, की बाहेरगावच्या एखाद्या मुलाला गावातल्या मुलाची खाट पसंत पडली तर गावातल्यानं ती सोडून घरून ये-जा करावी. दावणगेरेहून एक मुलगा आणि त्याचे वडील खाट बघत हिंडू लागले. गावातल्या बाकीच्या मुलांनी झटपट मार्ग काढला. पाहुणे दारात आले की ती कराकरा अंग खाजवत आणि "ढेकूण फार हो" म्हणत. वडील पुढच्या खोलीकडं वळत. शेवटी आमचीच खोली उरली. आम्ही त्याला बसवून समजावलं, की तू फक्त "आहेत" एवढंच म्हणायचंस. माझ्या गादीतले दोन-चार नग काडेपेटीत घालून द्यायचीही मी तयारी दाखवली. तो म्हणाला, "सरी. बोलेन मी. पण तिगणे सोडायला बेडा." सरी म्हणजे ठीक, आणि बेडा म्हणजे नको.

ते वडील पांढराशुभ्र पंचा नेसलेले, शांत गृहस्थ. मुलासह दारातून तिरके होत आत आले. कन्नडमध्येच विचारलं, ढेकूण आहेत का? हा अगदी हळू म्हणाला, आहेत. आम्ही दाराबाहेर सुटकेचा श्वास सोडला. पण गृहस्थ कनवाळू निघाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असायचेच, बाळा. माणसानं कितीही केलं तरी ढेकूण काही जात नाहीत. या वाट्याबिट्या सगळा मनाचा खेळ." एवढ्यावर निघून जायला ते वळलेसुद्धा होते. आणि आमच्या मित्राचे कान लाल झाले. त्यानं मच्छरदाणी वर फेकली, गादी उभी केली, खालच्या फळ्या एकेक करून काढल्या आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. "दाखवा," तो म्हणाला. "एक तरी दाखवा."

त्यांनी चष्मा लावला. गादीची शिवण न् शिवण, फळ्यांच्या खाचा, पायांचे सांधे, सगळं पाहिलं. हा शेजारी ताठ उभा होता. इतक्या आनंदात मी त्याला रिझल्टच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग गृहस्थ कंबरेवर हात ठेवून सरळ झाले आणि मुलाला म्हणाले, "तू इथंच राहा."

गादी गुंडाळून आणि ट्रंक घेऊन तो निघाला, पण आधी त्या मुलाला चादर कशी खोचायची, रॉकेल कधी बदलायचं, पालीला का मारायचं नाही, हे सगळं मन लावून शिकवून गेला. त्यानं पाठ फिरवली आणि मुलानं वाट्या मेसला परत केल्या, खाट भिंतीला सरकवली. भट खूश झाला. दसऱ्यापर्यंत ती खाट माझ्या खाटेसारखीच झाली. हे मी त्याला कळवलं नाही. मला फार वाईट वाटलं होतं, आणि त्याला माझ्याहून जास्त वाटलं असतं.

दिवाळीत त्यानं मला राजाजीनगरला घरी बोलावलं. दोन खोल्या आणि त्यांत आज्जी, आईवडील, भाऊ, बहिणी. कोपऱ्यात चटयांच्या गुंडाळ्या उभ्या. मी चेष्टेनं विचारलं, "इथं तिगणेचा बंदोबस्त काय?" तो म्हणाला, "इथं नाहीत रे, अण्णा. त्यांना राहायला जागा कुठं आहे?" सगळं घर हसलं, त्याची आईसुद्धा. कॉफी आली, पेला आणि खाली पसरट वाटी. त्या वाटीकडं त्यानं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठून एक चटई अंथरली, सवयीनं तिचे काठ उलटून पाहिले, तिच्यावरून तळहात फिरवला आणि मला म्हणाला, "बस."

दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली होती. त्याच्या अंथरुणावर मी बसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा.