सोळा ठिपके

ज्या वस्तूच्या पोटात काही फिरतं, उकळतं किंवा धडधडतं, तिचं दुखणं नुसता कान लावून ओळखणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो अकोल्यात राहतो, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने लिहितो आहे. पण या अभिमानाला एक काटा रुतलेला आहे, तोही आज काढायचा आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. घरात, कचेरीत, लग्नकार्यात मला कोणी बोलताना फारसं पाहिलेलं नाही. त्या न बोलण्याचं लोक कौतुकही करतात. त्यातलं किती शहाणपण होतं आणि किती भित्रेपणा, ते पुढे कळेलच.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. सारी नोकरी गावाला पाणी देणाऱ्या पंपहाऊसवर गेली. तिथे चार मोटारींच्या गदारोळात बसून कोणत्या मोटारीला सर्दी झाली हे ओळखायचं, हाच त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर मोटारी सुटल्या, कान मात्र उघडाच राहिला. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक यंत्राला आणि मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले, अशी त्यांची मूर्ती मी फ्रीजपुढे पाहिली आहे, मिक्सरपुढे पाहिली आहे, आणि एकदा तर शिजत्या तुरीच्या डाळीच्या कुकरपुढेही पाहिली आहे. ताई ओरडल्या, "अहो, थे डाळ हाय, पेशंट नाही!" तर हे म्हणाले, "चूप. शिट्टी दबून राहिली." आणि खरंच शिट्टीत जिऱ्याचा दाणा निघाला. पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा सारं घर मुलाकडे पाहत होतं आणि हे बाहेर पाहुण्यांच्या उभ्या गाडीच्या बॉनेटला कान लावून. आत येऊन पोहे खाता खाता हळूच मला म्हणाले, "साडूभाऊ, पोरगा चांगला असन. पण या घरात कोणालेच ऑइल पाहाची सवय नाही." एकदा दर्यापूरकडे लग्नाला निघाले असताना जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, मागच्या डाव्या चाकाची बेरिंग रडून राहिली." तो म्हणाला, "काका, लग्नाले चालले ना? मंग बसा गुपचूप." हे पुढच्या फाट्यावर ताईंना आणि आहेराच्या पिशवीला घेऊन उतरले, तासाभराने दुसरी जीप धरली, आणि वाटेत ती पहिली जीप बाभळीखाली जॅकवर उभी दिसली तेव्हा खिडकीतून मान काढून विचारलं, "डावंच होतं ना?" त्या ड्रायव्हरने काय उत्तर दिलं ते ताई अजूनही सांगत नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी लांबच्या प्रवासाची एक दणकट मोटारसायकल घेतली. ताईंना मागे बसवून कन्याकुमारीला जायचं, तिथे समुद्रात पाय बुडवायचे आणि परत यायचं, हा बेत. एवढी वर्षं गावाला पाणी पाजलं, आता जरा पाणी पाहून येतो, असं म्हणायचे. गाडीला नवं सायलेन्सर बसवलं आणि तिथून त्यांची झोप गेली. अॅक्सिलरेटर सोडला की गाडी फटफट करते, तापते. निदान झालं, "जीव उपाशी हाय. हवा जास्त, पेट्रोल कमी." आजकालच्या गाडीत पेट्रोलचा फवारा किती मारायचा ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्या कॉम्प्युटरच्या आणि फवाऱ्याच्या मध्ये एक डबी बसवायची, म्हणजे फवारा आपल्याला हवा तसा वाढवता येतो. तिला ट्यूनर म्हणतात. पत्त्यांच्या कॅटएवढी ती डबी कुरिअरने आली, आणि अमरावतीला मला फोन आला, "रविवारी या. इंग्रजी कागद वाचाले माणूस पायजे."

आता त्यांची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सारं तिच्यावरच आहे. कसलेल्या प्रत्येक बोल्टवर ते ताईंच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे, अर्धा बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धा खालच्या पत्र्यावर. बोल्ट ढिला झाला की ठिपका तुटतो, लांबूनच कळतं. पण नियम कडक होता. ज्याने कसला त्यानेच ठिपका द्यायचा, आणि आधी कसायचं, मग ठिपका. "हा ठिपका म्हंजे शपथ हाय साडूभाऊ. ठिपका दिसला का मी तिथं परत पाना लावत नाही. माणसावर भरवसा नाही ठेवला तं गाडी कधी बंदच होत नाही, उघडीच रायते."

त्या रविवारी अंगणात कडुनिंबाखाली चादर पसरली होती, तिच्यावर स्टीलची ताटं, ताटांत निघालेल्या क्रमाने बोल्ट. मी कागद पोथीसारखा वाचत होतो आणि ते प्रत्येक ओळ तीनदा वाचून घेत होते. एक वायर चुकीच्या जागी लागली तर गाडीचा कॉम्प्युटर जळतो, असं त्या कागदात ठळक छापलेलं. ते वाक्य त्यांनी चारदा वाचून घेतलं. ताई दारातून म्हणाल्या, "जळली तं माह्या माहेरच्या माणसाचं नाव नका घेऊ." कोणी हसलं नाही. टाकी उचलून लाकडावर टेकवली, पेट्रोलचा वास सुटला. फवाऱ्याचा सॉकेट निघेना. निघाला तेव्हा त्यांच्या कपाळावरचा घाम इंजिनवर पडला. तो त्यांनी आधी पुसला, कपाळ नंतर.

बॅटरीची बाजू माझ्याकडे होती. डबीची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हच्या बोल्टखाली घालायची आणि दहाच्या पान्याने कसायचं, बस एवढं. मी बोल्ट बोटांनी दोन आटे फिरवला. दुसऱ्या हातात नेलपॉलिशची उघडी बाटली. तेवढ्यात ते ओरडले, "साडूभाऊ, टाकी धरा! पाइप सुटला, पेट्रोल गळून राहिलं!" ब्रश सुकेल म्हणून मी आधी ठिपका देऊन टाकला, बाटली बंद केली आणि टाकीकडे धावलो. सरकारी कचेरीत इतकी वर्षं मी दुसरं केलं तरी काय होतं? आधी सही, मग कागद. कागद मागून कोणी ना कोणी पाहतोच.

इथे मागून पाहणारा कोणी नव्हता. शेवटी त्यांनी टॉर्च घेऊन ठिपके मोजले. सोळा. मान हलवली. माझ्या डोक्यातून तो बोल्ट पार गेलेला. गाडी सुरू झाली. पेचकस इंजिनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. ताई आणि मी बाजूला उभे. डबीवरचं एका वेळी एक बटण दाबत, ऐकत, पुन्हा दाबत ते किती वेळ तसेच होते कोण जाणे. मग तोंडभर हसले आणि म्हणाले, "गोड." हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी फक्त ताईंच्या पुरणपोळीबद्दल ऐकला होता.

पुढच्या रविवारी चाचणी. अकोल्याहून ते दोघं आमच्याकडे अमरावतीला आले, तिथून चिखलदरा. पुढे ते आणि ताई, मागे माझ्या जुन्या मोटारसायकलवर मी. परतवाड्याला चहा घेतला तेव्हा ताई म्हणाल्या, "जवाईबुवा, गादीवर बसल्यासारखं वाटते." घाट सुरू झाला. चौथ्या की पाचव्या वळणावर, चढावर, पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा एकदम विझला. आवाजही गेला. जड गाडी क्षणभर जागच्या जागी थबकली, मग डावीकडे कलली आणि त्या दोघांना घेऊन आडवी झाली. वरून उतरणारी एक जीप करकचून थांबली, ताईंच्या पायापासून चार हातांवर. ते चार हात मला अजून दिसतात.

ताईंचं मनगट मोडलं होतं. हे त्यांना घेऊन दगडावर बसले, रुमाल बांधत होते. मी आणि जीपवाल्याने गाडी उभी केली, तो पाणी आणायला गेला, आणि मी सीट उचलली. निगेटिव्हचा बोल्ट बोटाने हलत होता. ठिपका मधोमध तुटलेला, लाल चंद्राच्या दोन फोडी. तिथेच एक हाक मारायची होती. मी मागे पाहिलं, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी त्यांच्या गाडीवरच्या हत्यारांच्या पिशवीतून दहाचा पाना काढला, बोल्ट कसला, जुना ठिपका नखाने खरवडला आणि त्याच पिशवीतल्या बाटलीतून नवा दिला. पहिला ठिपका घाईचा होता. हा घाईचा नव्हता.

ते आले, स्टार्टरचं बटण दाबलं, गाडी लगेच सुरू झाली. ते माझ्याकडे पाहत राहिले. "काहून बंद पडली असन?" मी म्हणालो, "काय माहीत."

पुढचे तीन आठवडे त्यांनी ठिपक्यांचे बोल्ट तेवढे सोडून ती गाडी सुटी करून पाहिली. सोळाही ठिपके जागच्या जागी, सारं ठीक. कारण सापडलं असतं तर ते हसले असते, चार शिव्या दिल्या असत्या आणि कन्याकुमारीला निघाले असते. कारण सापडेना, म्हणून त्यांनी स्वतःकडे बोट केलं. "आत काहीतरी होतं अन् मले आयकू नाही आलं. मी गोड म्हणलो अन् हिचा हात मोडला." ट्यूनर काढून खोक्यात गेला. कन्याकुमारीचं नाव निघेना. दर शनिवारी गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायचे, पण पाठ फिरवून. पेचकसाने ताई नारळ फोडू लागल्या. एकदा आमच्यासमोर त्यांच्या घरचा मिक्सर घरघर करत जळाला, आणि हे पेपर वाचत बसले. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि बसस्थानकावर परत यायचो तेव्हा न सांगितलेलं सोबत असायचं. अशी तीन वर्षं.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी मला दोनदा "काय?" विचारलं. ताई म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगतलं, उजवा कान चालला. कानाची मशीन आणली, घालत नाही." हे शांतपणे म्हणाले, "तो तं तवाच गेल्ता. घाटात."

मग मात्र मला राहवेना. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि सारं सांगितलं. दोन आटे, ब्रश, टाकी, तुटलेला ठिपका, नवा ठिपका. ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. आयुष्यभर हळू बोललेला माणूस मी, माझा गुन्हा शेजारच्या तीन घरांनी ऐकला.

त्यांनी विचारलं, "म्हंजे तवा माहा कान बराबर होता?"

"बराबर होता. बोल्टच ढिला होता. माह्या हातचा."

"गोड होती गाडी?"

"गोड होती."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले झालेत हे त्यांना कळलंच नसावं. स्वयंपाकघरातून ताई पोळपाट घेऊन दारात आल्या. तीन वर्षांत त्यांचं ते मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून भाकरी एका बाजूने जाड होते. त्या म्हणाल्या, "मले वाटेच, काहीतरी हाय. तवापासून माह्या घरी तुमी दुसरी भाकर मांगतली नाही. मले वाटे जाड लागते." एवढं बोलून त्या आत गेल्या. मला कोणी माफ केलं म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. ताटात मात्र त्या दिवशी न मागता दुसरी भाकर पडली.

जेवणानंतर त्यांनी कपाटातून खोकं काढलं, गाडीवरचं कव्हर ओढलं. फवाऱ्याची बाजू त्यांनी स्वतः जोडली, सावकाश. बॅटरीकडे बोट करून मला म्हणाले, "आधी कसा." मी कसला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचा बोल्ट तपासला, आणि ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. लाल बाटली कधीच सुकून गेली होती. ताईंनी आतून दुसरी आणून दिली, जांभळी. मी ठिपका दिला.

गाडी सुरू झाली. नारळाचा कीस लागलेला पेचकस त्यांनी इंजिनला टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली, मग डाव्याला. डोळे मिटले. थोड्या वेळाने मान हलवली आणि मूठ माझ्या हातात दिली.

"तुमी आयका. अन् जे आयकू येईन थेच सांगा."

मी कान लावला. आधी नुसता गोंगाट होता, मग त्यात एक ठोका वेगळा झाला, मग त्या ठोक्यामागे काहीतरी बारीक. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, पंपहाऊसवर नवा माणूस आला की पाहत असतील तसे.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

मी आधी नीट ऐकून घेतलं.