सात चिंचोके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही — ते गेले, आता सांगायचं राहूनच गेलं — मुलाला नाही, आणि माझा ब्लॉग वाचून "ताई, डोळे पाणावले" असं लिहिणाऱ्या तुम्हा मंडळींना तर नाहीच नाही. आधी त्यातला मूर्खपणा सांगते. तो सांगायला सोपा आहे. मी साताच्या जागी सहा लिहिलं.

बस, एवढंच. पहिलीतल्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याचा कान धरला असता. जन्मभर शाळेत तेच तर केलं.

आता हे काढायचं कारण म्हणजे माझी नात. तिनं माझे जुने लेख गोळा करून पुस्तक काढायचं मनावर घेतलंय. परवा म्हणाली, आजी, तू तीन-चार ठिकाणी "मागे सांगितल्याप्रमाणे" म्हणतेस, पण तो मागचा लेखच सापडत नाही. मी म्हटलं, उडाला असेल. म्हातारपणी किती सफाईनं खोटं बोलता येतं, पाहिलंत?

तो उडाला नाही. मी उडवला.

थांबा, नीट सांगते. निवृत्त झाले आणि नागभीडच्या घरात बसून मला ज्ञान व्हायला लागलं. भाच्यानं ब्लॉग काढून दिला. वर माझा फोटो — खांद्यावर शाल, नजर क्षितिजाकडे. एप्रिलमध्ये. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये शाल! घामानं पाठ भिजली होती, पण विदुषी दिसायचं होतं ना. सुट्टीच्या दिवशी एसटीत बसायचं, गडचिरोलीकडच्या कुठल्या तरी गावात पाहुणी म्हणून जायचं, जेवायचं, आणि घरी येऊन त्यांच्या देवांबद्दल त्यांनाच सांगायचं. हे म्हणायचे, "मास्तरीण आता देवायचीबी हजेरी घेऊन राह्यली." मला राग यायचा. खरं बोलणाऱ्याचा येतोच.

आमच्या मागच्या खोलीत तेव्हा सुमन राहायची. नर्सिंग शिकत होती. धानोऱ्याच्या पलीकडची गोंडाची पोर, मला काकू म्हणायची. माझ्या पायाला मुंग्या आल्या की न सांगता तेल लावायला बसायची. तिनंच मला तिच्या गावी नेलं. तिची आई मैनाबाई — नवरा नसलेली, बोलायला कमी. तिनं आंबील दिली, भात दिला, आणि मी विचारलं म्हणून देवांचं सांगितलं. त्यांच्यात प्रत्येक आडनावाचे देव ठरलेले असतात. कुणाचे चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. ज्यांचा आकडा सारखा, ते एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. आपले किती हे दाखवायला मैनाबाईनं सारवलेल्या जमिनीवर चिंचोके मांडले. एकेक. सात.

मी काही टिपून घेतलं नाही. वही काढली की माणसं मोकळी बोलत नाहीत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. घरी येऊन डोक्यातून लिहिलं. दहा-बारा आडनावं, पुढे आकडे. सुमनचं आडनाव मी सहात टाकलं. ते आडनाव इथे देत नाही. एकदा देऊन झालंय.

लेख गाजला. माझा दुसरा कुठलाच लेख इतका फिरला नाही.

आणि मग सुमनचं लग्न जमलं. मुलगा मोहर्लीला, वाघ पाहायला येणाऱ्या पर्यटकांची जिप्सी चालवायचा. त्याच्या घरचे सहा देवांचे. सहा आणि सात, काही अडचण नव्हती. पण मुलाचा काका बापाच्या काळापासून माजरीकडे, कोळशाच्या खाणीच्या वस्तीत राहिलेला. गावाकडचं कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्यानं फोनवर माझा लेख वाचला आणि बैठकीत पुढे केला. माझ्या एका ओळीनं नवरा-नवरी बहीणभाऊ झाले. मैनाबाई म्हणाली, सात. गावचा पुजारी म्हणाला, सात. काका म्हणाला, तुम्ही तर म्हणणारच. या बाई तुमच्याच घरी जेवून गेल्या, शिकलेल्या आहेत, त्या कशाला खोटं लिहितील?

कशाला बरं लिहितील?

गावाहून सुमनचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, काकू, काही नको, फक्त तिथंच खाली एक ओळ लिहा, की माझं चुकलं, सात आहेत.

आता येते त्या जागेवर. मला तपासायची गरज होती का? नव्हती. ती बोलत असतानाच मला ते चिंचोके दिसत होते, शेवटचा जरा फुटका होता तोसुद्धा. पण त्या रविवारी चंद्रपुरात माझा सत्कार होता. पत्रिकेवर छापलं होतं, "आदिवासी संस्कृतीच्या अभ्यासक". त्या लेखाचाच त्यात उल्लेख. आठवड्यावर सत्कार, आणि अभ्यासकबाईंना सातापर्यंत मोजता येत नाही, हे मी स्वतःच्या हातानं लिहू? मी सुमनला म्हटलं, "पाहते बेटा, तपासून सांगते."

सत्कार झाला. नारळ, शाल. आणखी एक शाल. भाषणात मी म्हणाले की श्रद्धा माणसाला नम्र करते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही जरा भारावले स्वतःवर.

घरी आले आणि तो लेख पुसून टाकला. खुलासा नाही, ओळ नाही. मनात म्हटलं, चूकच राहिली नाही, मग भांडण कशाचं? आणि खरं सांगू — मला त्या रात्री छान झोप लागली.

काकानं लेखाचा फोटो काढून ठेवला होता, हे मला काय माहीत. सहा तसेच राहिले त्याच्या फोनमध्ये. आणि लेख गायब झालेला पाहून तो सगळ्यांना सांगत सुटला, की मुलीकडच्यांनी बाईच्या पाया पडून खरं होतं ते पुसायला लावलं. तोवर मैनाबाई फक्त चुकीची होती. मी तिला खोटारडी केली. सोयरीक मोडली. मुलगा कोर्टात लग्न करायला तयार होता. सुमन नाही म्हणाली — ज्या घरातली निम्मी माणसं तिला बहीण समजून तोंड फिरवतील, तिथं जाऊन ती काय करणार होती? त्याचं दुसरीकडे झालं. सुमन एका उपकेंद्रात नर्स आहे, एकटीच असते. मी तिला परत फोन केला नाही. तिनंही नाही.

ब्लॉग मात्र चालू ठेवला. अजून कितीतरी वर्षं.

लेख पुसला त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुमनची पेटी न्यायला मैनाबाई आली होती, एकटीच, सकाळच्या गाडीनं. मी चहा केला. तिनं घेतला, कप विसळून पालथा ठेवला. मीच बडबडत होते — की लेख मी काढून टाकलाय, आता काही काळजी नाही. मग पेटीची एक कडी मी धरली, दुसरी तिनं. तिनं माझ्या हातातली कडी सोडवून घेतली आणि म्हणाली,

"लिवतानी इचारलं नाई, बाई. पुसतानीबी इचारलं नाई. राहू द्या, पेटी मीच उचलतो."